तळ्याचा निकाल

आमच्या सोसायटीच्या तळ्याला मी पास केलं होतं, ही गोष्ट मी कुणापासून लपवलेली नाही. लपवायला वावही नव्हता. निकाल माझ्याच वळणदार अक्षरात, वर दुहेरी लाल रेघ आणि खाली माझी सही, अशा थाटात जिन्याजवळच्या सूचनाफलकावर पाच दिवस लागलेला होता. येणारेजाणारे तो वाचत होते आणि मी समोरच्या बाकावर बसून, ते शेवटपर्यंत वाचतात की नाही, हे पाहत होतो.

विद्यापीठाच्या परीक्षा विभागात मी एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ अधीक्षक म्हणून. माझ्या टेबलावरून किती निकाल गेले याची मोजदाद नाही, पण दुरुस्तीला एकही परत आला नाही. निवृत्त झाल्यावर माणसाला रिकामपण येतं म्हणतात, तसं काही मला आलं नाही. मला फक्त तपासायला काही मिळत नव्हतं. पहिल्या महिन्यात मी स्वयंपाकघरातले सगळे डबे तपासले. दुसऱ्या महिन्यात आमच्या हिने मला डब्यांना हात लावायची बंदी केली.

अशात सोसायटीची सभा भरली. इमारतीच्या मागे एक तळं आहे. लांबी अडतीस पावलं, रुंदी बावीस, एका बाजूला दगडी पायऱ्या आणि बाकी तिन्ही बाजूंना कमरेपर्यंत वाढलेलं गवत. सेक्रेटरींनी विषय मांडला की हे तळं बुजवावं आणि तिथे गाड्या लावायची सोय करावी. सेक्रेटरींच्या स्वतःच्या दोन गाड्या आहेत आणि तिसरी येऊ घातली आहे, त्यामुळे ते अगदी लोककल्याणाच्या कळकळीने बोलत होते. मी गप्प होतो. पण शेजारी बसलेली ही पर्सची चेन लावत होती, आणि "बुजवून टाकू" हे शब्द आल्याबरोबर ती चेन अर्ध्यावर थांबली.

ही रोज उजाडायच्या सुमाराला चहाचा पेला घेऊन त्या पायऱ्यांवर जाऊन बसते. तिथे बसून काय करते, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या वेळी मी झोपलेला असतो. पण घर घेताना आम्हाला दोन फ्लॅट पसंत पडले होते आणि हिने मागच्या खिडकीतून एकदा खाली पाहून "हाच" म्हटलं होतं, एवढं मला नेमकं त्या क्षणी आठवलं. मी उभा राहिलो.

"बुजवायचं कशाला? आपण त्यात मासे सोडू," मी म्हणालो.

मासेच का, हे मला आजही सांगता येणार नाही. वापरातली वस्तू कुणी फेकून देत नाही, असा काहीसा विचार असावा. सभेत हशा झाला. माझ्या बोलण्यावर हसलेलं मला खपत नाही, म्हणून मी आणखी दोन वाक्यं बोललो, आणि त्या दोन वाक्यांत मी पुरता अडकलो. सेक्रेटरींनी तिथल्या तिथे ठराव लिहिला: सदर सभासदांनी दोन महिन्यांत तळ्याचे पाणी माशांसाठी योग्य असल्याचे सिद्ध करावे आणि ठरल्या रविवारी सर्वांसमोर मासे सोडावेत. तसे न झाल्यास तळे बुजवण्याच्या ठरावावर सूचक म्हणून सदर सभासदांनीच सही करावी. मी ठराव वाचला, त्यातली शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त करून दिली आणि खाली मान्यतेची सही ठोकली.

"तुम्हाला माशातलं काय कळतं?" घरी आल्यावर हिने विचारलं.

"मला रसायनशास्त्रातलं तरी काय कळत होतं? त्याचे निकाल लावलेच ना?"

दुसऱ्या दिवसापासून मी कंबर कसली. तळ्याची खोली मोजण्यापासून सुरुवात करावी, असा सल्ला तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनियरांनी दिला. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले आहेत. खोली पाच ठिकाणी मोजून सरासरी काढा, असं ते म्हणाले आणि स्वतः गॅलरीत उभे राहिले. सरासरी हा शब्द ऐकून मला फार बरं वाटलं. मी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, हातात खुणा केलेली काठी घेतली आणि पाण्यात उतरलो. पहिली दोन ठिकाणं निर्विघ्न पार पडली. तिसऱ्या ठिकाणी डावा पाय चिखलात रुतला, तो काढायला गेलो तर चप्पल आतच राहिली, आणि चपलेसाठी वाकलो तो थेट खालीच बसलो. पाणी छातीपर्यंत आलं. प्रसंगावधान राखून मी काठी उंच धरली आणि वर ओरडलो, "छातीभर!"

"उभं राहून की बसून?" सेक्रेटरींनी त्यांच्या खिडकीतून विचारलं. ते त्या वेळी खिडकीत असण्याचं काही कारण नव्हतं.

मग सरकारी मत्स्य कार्यालय. हा माझा प्रांत. कागद कुठल्या टेबलावरून कुठल्या टेबलावर जातो हे मला डोळे मिटून कळतं. खिडकीमागे चष्मा कपाळावर चढवलेले एक गृहस्थ होते. मी पाण्याची बाटली पुढे ठेवली.

"तळ्यात मासे किती?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही. म्हणून तर तपासून हवंय."

"मासे नाहीत तर ते मत्स्यतळं नाही. मत्स्यतळं नाही तर पाणी आमच्या अखत्यारीत येत नाही. मासे सोडा आणि मग या."

"पण पाणी वाईट निघालं तर मासे मरतील."

"मेले तर त्याचा फॉर्म वेगळा आहे."

मी त्या गृहस्थांकडे आदराने पाहिलं. इतकं निर्दोष उत्तर मी स्वतः अधीक्षक असतानाही फार थोड्यांना देऊ शकलो होतो. दुसरा कुणी असता तर हुज्जत घालत बसला असता. मी फॉर्म उलटा फिरवला, 'माशांची संख्या' या रकान्यात 'एक हजार (अपेक्षित)' असं लिहिलं आणि पुन्हा सरकवला. त्यांनी चष्मा खाली आणला, वाचलं आणि म्हणाले, "असं आधी सांगायचं की हो." त्यांनी शिक्का मारला. पाणी मात्र तपासलं नाही. आता नियम बदलले आहेत, तपासणी आपली आपणच करायची, असं सांगून त्यांनी एक छापील कागद दिला. पाण्यात काय किती असावं, कधी पाहावं, सगळं त्यावर होतं. निघताना ते म्हणाले, "पाणी फिकट हिरवं हवं. त्यातलं बारीक शेवाळ म्हणजे माशांचं खाद्य."

'फिकट' हा शब्द मी घरी पोहोचेपर्यंत विसरलो होतो.

मी वेळापत्रक केलं. पहिला पेपर पारदर्शकता, दुसरा पाण्याचा पीएच, तिसरा क्षार आणि चौथा ऑक्सिजन. पारदर्शकता मोजायला काळीपांढरी चकती लागते. ती दोरीने पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. मी घरातली स्टीलची ताटली घेतली, तिला मधोमध भोक पाडलं, चार पाकळ्या आखून दोन काळ्या नि दोन पांढऱ्या रंगवल्या. चकती झकास झाली. ती हिच्या बहिणीने दिलेल्या सहा ताटल्यांच्या संचातली होती, हे मला नंतर कळलं. पहिल्याच पेपरात दोरीची गाठ सुटली आणि ताटली दिसेनाशी झाली ती कायमचीच. दुसरी ताटली मी विचारून घेतली. म्हणजे विचारलं, आणि उत्तर यायच्या आत घेतली.

बाकीच्या पेपरांसाठी बाजारातून तपासणीचा संच आणला. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे आणि आलेला रंग कार्डावरच्या रंगाशी ताडून पाहायचा. दिसायला सोपं आहे. पण पायऱ्यांवर टेबल मांडून मी नळी उजेडाकडे धरली की आजूबाजूला सात-आठ डोकी गोळा व्हायची. एकाला ते पोपटी दिसे, दुसऱ्याला शेवाळी. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर यात हिरिरीने पडले. दातांच्या पांढऱ्यात आपण सोळा छटा ओळखतो, असं ते म्हणाले, आणि खरंच दवाखान्यातून नकली दातांची पट्टी घेऊन आले. हिरव्यासाठी तिचा उपयोग झाला नाही, पण आमच्या टेबलाचं वजन वाढलं.

पीएच कमी निघाला. कागदावर उपाय होता: चुना. चुना किती, यावर जिन्यात अर्धा तास चर्चा झाली. इंजिनियरांनी क्षेत्रफळ काढून दिलं, डॉक्टरांनी ते दुप्पट केलं, आणि वारा कुठल्या दिशेने वाहतोय हे मात्र कुणीच पाहिलं नाही. मी पहिली ओंजळ तळ्याकडे फेकली ती पूर्ण माझ्याकडे परत आली. त्या दिवशी मी तीन जिने चढून घरी गेलो आणि प्रत्येक पायरीवर माझं पांढरं पाऊल उमटलं. संध्याकाळपर्यंत सूचनाफलकावर 'काही सभासद सामाईक जिन्याचा गैरवापर करत आहेत' असा कागद लागला. काही सभासद म्हणजे मी एकटाच होतो.

पण पीएच सुधारला! मी वहीत लाल शाईने नोंद केली. मग हिरव्या रंगाचं पाहायचं होतं. पाण्यात शेण कालवलं की ते हिरवं होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांना हे कुणी सांगितलं होतं कोण जाणे. इंजिनियर म्हणाले, चार पोती. सेक्रेटरी तिथून जात होते, ते थांबून म्हणाले, "करताच आहात तर पुरतं करा. सहा टाका." विरोधी पक्षाकडूनही सूचना आली की मी ती डावलत नाही. सहा पोती टाकली. दहा दिवसांत पाणी असं काही हिरवं झालं की ताटली वीतभर खाली गेली की दिसेनाशी व्हायची. फिरायला येणारे लोक थांबून बघायचे, आणि मी हात मागे बांधून शेजारी उभा राहायचो.

ऑक्सिजनने तर कमाल केली. पास व्हायला पाच लागतात. माझ्या तळ्याला सकाळच्या पेपरात आठ मिळाले आणि दुपारच्या पेपरात नऊ. मी जेवताना हिला वही दाखवली. हिने पंचवीस वर्षं रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरी केली आहे. तरी या सगळ्या प्रकरणात मी तिला एका शब्दाने काही विचारलं नव्हतं, कारण घरच्या माणसाला विचारायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"हा सकाळचा पेपर कधी घेता?" तिने विचारलं.

"अकराला."

"कागदावर 'सूर्योदयापूर्वी' छापलंय."

"अगं, सूर्योदयापूर्वी कुठली परीक्षा असते?"

"अहो, साखर तपासायला आलेला माणूस नाश्ता करून आला असेल तर आम्ही त्याला सुई टोचत नव्हतो. घरी पाठवत होतो. उद्या उपाशीपोटी या म्हणून. पाण्याचंही तसंच. तुमचं ते हिरवं शेवाळ दिवसभर ऊन खातं आणि पाण्यात हवा सोडतं. अकराला त्याचं पोट भरलेलं असतं. रात्री ऊन नाही, मग तेच शेवाळ साठवलेली हवा संपवत बसतं. पहाटे काय उरतं ते बघायचं असतं."

मला तिचं बोलणं पटलं नाही, कारण ते समजलं होतं. दुसऱ्या दिवशी चहाला जाताना ती संच घेऊन गेली आणि येऊन तिने वहीत आकडा लिहिला. दोन.

आता माझी बाजूही ऐकून घ्या. परीक्षा विभागात एका विषयात दोन गुण आणि दुसऱ्यात नऊ, असा विद्यार्थी काही पहिल्यांदा येत नाही. आपण काही राक्षस नसतो. मी पहाटेचे दोन आणि दुपारचे नऊ मिळवले, दोनाने भागले, साडेपाच आले. पास व्हायला पाच लागतात. क्षारांत आणि पीएचमध्ये तर गुणांची लयलूट होती. एकूण निकाल: प्रथम श्रेणी. मी तो सुवाच्य लिहून फलकावर लावला, आणि सेक्रेटरींनी तो वाचताना केलेलं तोंड पाहून मला त्या रात्री गाढ झोप लागली.

हिला मात्र ते फलकावर वाचावं लागलं. घरात येऊन तिने पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "सरासरी काढलीत?"

"नियमाप्रमाणे काढली."

"मासा पहाटे गुदमरला तर त्याला दुपारची जास्तीची हवा आठवून जगता येतं का?"

"तू प्रत्येक गोष्टीत लॅब आणतेस."

"मी काही बोलत नाही," ती म्हणाली, आणि खरंच बोलली नाही. चार दिवस. माझा अपमान झाला होता, पण बोलायला समोर कुणी नसल्याने तो तसाच अंगावर राहिला.

शनिवारी संध्याकाळी मत्स्यबीजवाल्या बाई आल्या. बोटाएवढे मासे, म्हणजे बोटुकली, वाढवून विकणं हा त्यांचा धंदा. हजार बोटुकली रविवारी सकाळी आणायची असं ठरलं होतं. त्या मात्र आदल्या दिवशी एक जाळीचा पिंजरा आणि पिशवीत दहा मासे घेऊन हजर झाल्या. मी त्यांना फलकाकडे नेऊन निकाल दाखवला. त्यांनी तो वाचला नाही.

"आमच्यात असं आहे साहेब," त्या म्हणाल्या, "दहा ठेवायचे, रात्र जाऊ द्यायची, मग हजारांचं बोलायचं. पाण्याने कागदावर काय लिहून दिलंय ते मी बघत नाही."

"म्हणजे तोंडी परीक्षा!" मी म्हणालो. माझी काहीच हरकत नव्हती. बाईंनी पिशवी पाण्यावर थोडा वेळ तरंगत ठेवली, मग हळूच तिचं तोंड उघडलं. दहाही मासे पिंजऱ्यात सुळकन फिरू लागले. मी हिच्याकडे विजयाने पाहिलं. ती पाण्याकडे पाहत होती.

पहाटे तिने मला हलवून उठवलं. "चला," एवढंच म्हणाली. एकतीस वर्षांत मी त्या वेळी बाहेर पडलेलो नाही. तळ्यावर राखाडी उजेड होता. पिंजऱ्यातले मासे सगळे वर आले होते, तोंडं पाण्याबाहेर काढून, उघडमीट करत. आवाज नव्हता. एक आडवा होऊन जाळीला टेकला होता आणि त्याची उघडमीट थांबलेली होती.

मला लाज वाटली. आकडे चुकले म्हणून नाही. दोन हा आकडा माझ्या वहीत होता, मी तो वाचला होता, आणि तो वाचून मी भागाकार केला होता. नऊ लहानशी तोंडं माझ्या भागाकाराने गुदमरत होती. मी कपड्यांनिशी पाण्यात उतरलो, बादली भरली आणि डोक्याच्या उंचीवरून पिंजऱ्यात ओतली. पुन्हा भरली, पुन्हा ओतली. "अजून वरून ओता, हवा मिसळू दे," ही पायरीवरून म्हणाली आणि दुसरी बादली घेऊन स्वतःही उतरली. ऊन पाण्यावर येईपर्यंत आम्ही दोघं ओतत होतो. हळूहळू एकेक तोंड पाण्याखाली गेलं. नऊ.

दहा वाजता सगळी सोसायटी पायऱ्यांवर जमली. बाईंची गाडी दाराशी लागली, आत हजार बोटुकली फुगवलेल्या पिशव्यांत. ऊन चांगलं तापलं होतं. पाणी हिरवंगार झळकत होतं आणि पिंजऱ्यातले नऊ मासे असे काही हुंदडत होते, की त्यांच्याकडे बघून कुणालाही पहाटेचं काही खरं वाटलं नसतं. सेक्रेटरी ठरावाची फाईल काखेत धरून उभे होते, चेहरा पडलेला.

बाईंनी मोजलं. "दहा दिले होते," त्या म्हणाल्या.

"म्हणजे नव्वद टक्के!" दातांचे डॉक्टर टाळी वाजवून म्हणाले. "अहो, हे तर विशेष प्रावीण्य! सोडा मासे!"

सगळे हसले, दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. फलकावरचा निकाल इंजिनियरांनी कौतुकाने काढून हातात धरला होता. मला फक्त मान हलवायची होती. मान हलवली की तळं वाचत होतं, आजच्यापुरतं. हिच्याकडे मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिने सांगितलं म्हणून मी बोललो असं झालं असतं, आणि हे मला स्वतःचं स्वतः बोलायचं होतं.

मी इंजिनियरांच्या हातून कागद घेतला. "हा निकाल मी मागे घेतो," मी म्हणालो. "तळं नापास आहे. पहाटे ऑक्सिजन दोन आहे. मला ते माहीत होतं. मी सरासरी काढली, ती काढायची नव्हती. मासे सोडू नका."

मग सेक्रेटरींनी फाईल उघडली, पेन काढलं आणि अगदी सौजन्याने माझ्यापुढे धरलं. ठराव ठराव असतो. मी पेन घेतलं. माझी सही लांबलचक आहे, एरवी मला तिचा अभिमान वाटतो. पहिलं अक्षर लिहिलं आणि ही पुढे आली.

"यांचं चुकलंय, तळ्याचं नाही," ती म्हणाली. "पाण्यात शेण जास्त झालंय. तिसरा हिस्सा पाणी बदलायचं, शेवाळ काढायचं, आणि पहाटे कुणीतरी पाणी ढवळायचं. मला तीन आठवडे द्या. रोजचा पहाटेचा आकडा मी फलकावर लावीन. एकच आकडा. सरासरी नाही."

"शेणाचं मी सांगितलं होतं," डॉक्टर खाली पाहत म्हणाले. "चार पोती माझी," इंजिनियर पुटपुटले. सहाचं कोण बोललं होतं, त्याचा उच्चार कुणी केला नाही, पण बऱ्याच माना सेक्रेटरींकडे वळल्या. डॉक्टरांनी मुदतवाढीची दुरुस्ती मांडली आणि हात वर करायला सांगितले.

बाजूने दहा, विरुद्ध नऊ. सेक्रेटरींनी बाजूचे हात पुन्हा मोजले आणि त्यातला एक मत्स्यबीजवाल्या बाईंचा निघाला. "तुम्ही सभासद नाही," ते म्हणाले. बाईंनी हात खाली घेतला, पण नाइलाजाने. मग सेक्रेटरींनी हिच्याकडे बोट केलं. "एका फ्लॅटला एक मत. फ्लॅट यांच्या नावावर आहे. तुमचा हात धरता येणार नाही." आता आठ विरुद्ध नऊ. ही मात्र हात खाली घेईना. डॉक्टरांच्या मिसेस तेवढ्यात जिन्यातून धावत आल्या आणि आपल्या भावाच्या बंद फ्लॅटचं मुखत्यारपत्र नाचवून त्यांनी एक मत घातलं. नऊ विरुद्ध नऊ.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हात मागे बांधून उभा होतो.

"तुमचं मत?" सेक्रेटरींनी विचारलं.

"मला मत देता येणार नाही," मी म्हणालो. "घरच्या माणसाचा पेपर असला की परीक्षकाने बाजूला व्हायचं असतं. हा नियम आहे."

"घरचं माणूस कोण?" हिने विचारलं. "तळं?"

"तू रोज इथे बसतेस ना."

"ते तुम्हाला माहीत आहे?"

"त्या दिवशी सभेत तुझी चेन अर्ध्यावर थांबली होती," मी म्हणालो. "म्हणून तर उभा राहिलो."

ती माझ्याकडे पाहत राहिली. एवढ्या लोकांसमोर अशा नजरेने पाहण्याची आमच्यात पद्धत नाही, त्यामुळे मी चष्मा पुसायला घेतला. ती जवळ आली, चष्मा माझ्या हातातून काढून घेतला आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो, मग हात वर करा की!"

आयुष्यात पहिल्यांदा मी नियमाविरुद्ध हात वर केला. चांगला ताठ केला.

पुढचे तीन आठवडे मी पहाटे उठत होतो. पहिल्या दिवशी आकडा दोन, पुढच्या आठवड्यात तीन, मग बरेच दिवस चारवर घोडं अडलं. मी एकदा फक्त सुचवून पाहिलं, की चार पूर्णांक सहा म्हणजे जवळजवळ पाचच. तिने नुसतं पाहिलं. मग एका सकाळी पाच आले, नंतर सलग चार दिवस सहा. बाईंचे दहा मासे पुन्हा पिंजऱ्यात रात्रभर राहिले आणि सकाळी दहाही खालीच फिरत होते. त्याच दिवशी हजार सोडले. या वेळी सभा नव्हती, आम्ही तिघंच होतो. पिशव्यांची तोंडं हिने उघडली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघं काठाकाठाने पूर्ण फेरी मारली. एकही तोंड वर नव्हतं, एकही आडवा नव्हता. मी पायरीवर बसलो, वही उघडली आणि सवयीने 'उत्तीर्ण' लिहायला पेन टेकवलं.

"ते नको," ती म्हणाली. "जिवंत लिहा."

आता 'जिवंत' असा रकाना एकतीस वर्षांत मी कुठल्याही फॉर्मवर पाहिला नव्हता. मी घरी जाऊन पट्टी आणली आणि तो आखला.